डेकवरून दिसलेले बंड

जॉर्ज आल्फ्रेड हेन्टी हे नाव आज इंग्रजी वाचणाऱ्यांच्याही फारसे कानावर नसते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या शाळांच्या बक्षीस समारंभांत त्याची पुस्तके गठ्ठ्यांनी वाटली जात. क्रिमियाच्या युद्धात तो लष्कराच्या पुरवठा खात्यात होता, पुढे लंडनच्या ‘स्टँडर्ड’ या वर्तमानपत्राचा युद्धवार्ताहर म्हणून मोहिमांमागून फिरला, आणि मग त्याने किशोरांसाठी ऐतिहासिक साहसकथांचा कारखानाच काढला. १९०२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके होती. साचा ठरलेला: इतिहासातले एखादे युद्ध किंवा बंड घ्यायचे, त्यात मिसरूडही न फुटलेला एक इंग्रज मुलगा उभा करायचा, त्याला संकटावर संकटे द्यायची आणि तो निभावून गेला की हुद्दा, पैसा आणि मानमरातब त्याच्या पदरात टाकायचा. १९०० सालची ‘अ रोव्हिंग कमिशन’ ही त्यातलीच एक. नायक नॅट ग्लोव्हर हा ब्रिटिश आरमाराच्या ‘ऑर्फियस’ या फ्रिगेटवरचा मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी. स्थळ कॅरिबियन समुद्रातली सँ-दोमँग ही फ्रेंच वसाहत, म्हणजे आजचा हैती. आणि काळ १७९१ चा, जेव्हा तिथल्या गुलामांनी ते बंड केले ज्यातून तेरा वर्षांनी एक स्वतंत्र राष्ट्र उभे राहिले. पहिल्याच प्रकरणात नॅट एका शिकारी कुत्र्याशी झुंजून दुशेन या मळेवाल्याची मुलगी मायरा हिला वाचवतो. बंड पेटल्यावर मायरा, तिची आई आणि डायना ही म्हातारी दाई यांना घेऊन तो डोंगरात दडतो, आणि पुढे छोट्या जहाजांचा कप्तान होऊन चाच्यांशी, फ्रेंचांशी लढत राहतो. वाचायला घेतली की कादंबरी खाली ठेववत नाही, हे आधीच मान्य करून टाकावे. पुढचे सगळे म्हणणे तिच्या त्या गुणाबद्दलच आहे.

मराठी वाचकाला या लेखकाची आणखी एक ओळख असायला हवी. याच हेन्टीने लगोलग ‘अॅट द पॉइंट ऑफ द बायोनेट’ ही कादंबरी लिहिली, आणि ती चक्क मराठ्यांच्या युद्धांवरची आहे. तिचा नायक हॅरी लिंडसे. १७७९ च्या वडगावच्या मोहिमेच्या धामधुमीत त्याचे आईबाप मारले जातात आणि सोयेरा नावाची मराठी दाई त्या तान्ह्या पोराला आपल्या गावी नेऊन वाढवते. मोठा होऊन तो कंपनी सरकारच्या बाजूने त्याच मराठ्यांशी झुंजतो. हैतीची डायना आणि आपल्याकडची सोयेरा शेजारी ठेवून पाहिल्या की साचा लख्ख दिसतो. दोघी कष्टाळू, चतुर, जिवाला जीव देणाऱ्या. दोघींची सगळी बुद्धी गोऱ्या मुलांना वाचवण्यात खर्ची पडते. आणि आपल्या माणसांचे काय चालले आहे, याविषयी दोघींना स्वतःचे असे काही म्हणायचे नसते. सह्याद्रीतला गाव लेखकाने कसा रंगवला असेल आणि त्यात काय सुटले असेल, हे मराठी वाचकाला न सांगता कळते. हैतीच्या बाबतीत तीच जाण उसनी घ्यावी लागते, आणि ती मिळवून देणे एवढेच या प्रस्तावनेचे काम.

माझे म्हणणे थोडक्यात असे. तरुण आरमारी अधिकाऱ्याचे साहस हा कथाप्रकार बंडाकडे विशिष्ट जागेवरून पाहतो, आणि ती जागा म्हणजे जहाजाचा डेक. डेकवरच्या माणसाला किनारा दिसू लागतो तेव्हा आग लागून चुकलेली असते. आग कुणी, किती दिवस आधी, कशासाठी लावायची ठरवली हे तिथून दिसण्यासारखे नसते. शिवाय त्याला हवे तेव्हा नांगर उचलता येतो. त्यामुळे बंड त्याच्यापुरते वादळासारखे असते: आले, माणसांची परीक्षा पाहिली, गेले. लेखक क्रूर किंवा खोटारडा असायची गरज नाही. जागाच अशी आहे की प्रामाणिक माणसालाही अर्धेच दिसेल.

हे रूपक म्हणून मी म्हणत नाही. हैतीच्या उठावाची इंग्रजीतली पहिली गाजलेली हकीकत खरोखरच एका ब्रिटिश युद्धनौकेवरून उतरलेल्या माणसाने लिहिली. ब्रायन एडवर्ड्स हा जमैकातला मोठा मळेवाला. सँ-दोमँगच्या गोऱ्यांनी शेजारच्या जमैकाकडे मदत मागितली तेव्हा तिथल्या गव्हर्नरने ‘ब्लाँड’ ही युद्धनौका धाडली, आणि तिच्याबरोबर सप्टेंबर १७९१ च्या अखेरीस एडवर्ड्स काप फ्रांसे या बंदरात पोचला. उठाव सुरू होऊन महिना उलटला होता, किनाऱ्यालगतचे मळे अजून धुमसत होते. त्याने ऐकले ते शहरात आश्रयाला आलेल्या मळेवाल्यांच्या तोंडून. बंडखोरांनी गोऱ्या अर्भकाचा देह भाल्यावर रोवून निशाणासारखा मिरवला, ही त्याच्या १७९७ च्या इतिहासात आलेली गोष्ट पुढे शंभर वर्षे पुस्तकामागून पुस्तकात छापली गेली. आजचे अभ्यासक तिच्या खरेपणाविषयी साशंक आहेत. हेन्टीपर्यंत पोचलेली सामग्री या ओघातली होती. नॅट ग्लोव्हर काल्पनिक आहे, पण तो जिथे उभा आहे तिथे त्याच्या आधी खरी माणसे उभी राहिली होती.

आता डेकवरून न दिसणारे पाहू. १७८९ च्या सुमारास सँ-दोमँगमध्ये सुमारे पाच लाख गुलाम होते. गोरे तीस-चाळीस हजार आणि मिश्रवंशीय व काळे स्वतंत्र नागरिक जवळपास तितकेच. युरोपात खपणाऱ्या साखरेचा सुमारे चाळीस टक्के भाग आणि जगातली निम्म्याहून अधिक कॉफी या एका वसाहतीतून येई. उसाचे अर्थशास्त्र मराठी मुलखाला नवे नाही, म्हणून तपशील पटकन समजेल: ऊस तोडला की तो लगेच गाळावा लागतो, रस काहिलीत चढवावा लागतो, विस्तव विझू देता येत नाही. हंगामात पाळ्या रात्रंदिवस चालत. पेंगुळलेल्या माणसाचा हात चरकात सापडला तर तो तोडून माणूस मोकळा करायला कुऱ्हाड जवळच ठेवलेली असे. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त, आणि ती तूट भरून काढण्यासाठी आफ्रिकेतून जहाजे येत. उठावाआधीच्या शेवटच्या वर्षांत दर साली तीस हजारांहून अधिक माणसे विकायला आणली जात होती. म्हणजे १७९१ मध्ये मळ्यांवर राबणाऱ्यांतले बहुसंख्य लोक आफ्रिकेत जन्मलेले, स्वातंत्र्याची आठवण ताजी असलेले होते. त्यांच्यातल्या अनेकांनी, विशेषतः काँगोकडून आलेल्यांनी, तिकडच्या युद्धांत हत्यार चालवलेले होते. वादळाला कारण नसते. याला होते, आणि ते मळ्याच्या हिशेबवहीत दर साली लिहिले जात होते.

आणि तयारीही होती. १४ ऑगस्ट १७९१ च्या रविवारी लनॉरमाँ द मेझी याच्या मळ्यावर उत्तर मैदानातल्या सुमारे शंभर मळ्यांचे प्रतिनिधी जमले, मळ्यागणिक दोन. जमलेले बहुतेक जण मुकादम, गाडीवान अशा वरच्या कामांवरचे गुलाम होते: ज्यांना मळ्याबाहेर ये-जा करता येई, ज्यांचा शब्द टोळीत चाले, आणि म्हणूनच ज्यांच्यावर मालकांचा भरवसा होता. बुकमान हा त्यांचा म्होरक्या. बेत फुटलाही होता. दोन-तीन दिवसांतच लिम्बे भागातल्या शाबो मळ्यावर वेळेआधी आग लावताना काही जण पकडले गेले, त्यांच्या जबान्यांतून कट बाहेर आला. पण आसपासच्या मळेवाल्यांचा त्यावर विश्वास बसेना. आपल्या मुकादमाला असे काही सुचेल हेच त्यांना खरे वाटत नव्हते. २२ ऑगस्टच्या रात्री मैदान पेटले आणि काही आठवड्यांत १८० च्या आसपास उसाचे मळे जळून गेले. उसाबरोबर चरक आणि काहिलीही ठरवून फोडल्या गेल्या. जे यंत्र माणूस खाते ते मोडायचे, हा हिशेब त्यात उघड आहे. वर्ष संपता संपता बिआसू आणि जाँ-फ्रांस्वा या म्होरक्यांनी तहाची बोलणीही लावली: थोड्या पुढाऱ्यांना मुक्ती आणि बाकीच्यांच्या वाट्याला जरा सुसह्य वागणूक एवढ्यावर ते लोकांना मळ्यांवर परत पाठवायला तयार होते. ही मागणी पुढाऱ्यांना शोभादायक नाही, हे खरे. पण वसाहतीच्या सभेने तीसुद्धा तुच्छतेने झिडकारली. घासाघीस, फाटाफूट, स्वार्थ, डावपेच असे राजकारणाचे सगळे घटक इथे आहेत. साहसकथेत ते येत नाहीत, कारण ते आणले तर नायकाने कुणाला कापायचे हा प्रश्न अवघड होऊन बसतो.

डायनाकडे परत यायला हवे, कारण कादंबरीचा भावनिक डोलारा तिच्यावर उभा आहे. बंडखोर एकीकडे आणि इमानी नोकर दुसरीकडे, अशी वाटणी हेन्टी करतो आणि वाचकही सहज मान्य करतो. पण या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस नेमका ही वाटणी मोडणारा आहे. तुसाँ लूव्हेर्त्यूर हा ब्रेदा मळ्यावर गुलाम म्हणून वाढलेला, पुढे मुक्त झालेला गाडीवान. उठाव झाल्यावर ब्रेदा मळ्याचा व्यवस्थापक बायों द लिबेर्ता आणि त्याची बायको यांना सुखरूप बाहेर काढण्यात त्याचा हात होता, आणि त्यानंतर तो बंडखोरांच्या छावणीत दाखल झाला. पुढे त्यानेच फ्रेंच, स्पॅनिश आणि ब्रिटिश फौजांना दमवले. मालकिणीला वाचवणारा आणि मालकी संपवायला निघालेला माणूस एकच असू शकतो, त्याच्या मनात त्या दोन गोष्टींची भांडणे असतीलच असे नाही. हे ध्यानात ठेवून डायनाची प्रकरणे वाचली तर ती रोज खाली जाऊन काय ऐकून येत असेल, कुणाशी बोलत असेल, तिला खबरी का मिळत असतील, असे प्रश्न पडू लागतात. कादंबरीकार ते विचारत नाही, पण त्याच्या नकळत त्याने त्यांना जागा ठेवली आहे.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. अत्याचार तर झालेच ना? झाले. १७९१ च्या त्या आठवड्यांत गोरी माणसे घराघरांत मारली गेली, स्त्रियांवर जबरदस्ती झाली. आणि १८०४ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केल्यावर बंडखोरांचा सेनापती देसालीन याच्या हुकमाने उरलेल्या फ्रेंच रहिवाशांची, बायकामुलांसकट, कत्तल झाली. हे झाकून हैतीची थोरवी सांगणारे लिखाण माझ्या मते हेन्टीइतकेच अर्धवट आहे. प्रश्न मोजमापाचा आणि सुरुवातीचा आहे. फेब्रुवारी १७९१ मध्ये, म्हणजे उठावाच्या सहाच महिने आधी, मिश्रवंशीय नागरिकांसाठी मताधिकार मागणाऱ्या व्हिन्सें ओजे याला काप फ्रांसेच्या चौकात चाकावर बांधून, हाडे मोडून, न्यायालयाच्या निकालाने ठार करण्यात आले होते. बुकमान नोव्हेंबरमध्ये मारला गेला तेव्हा त्याचे मुंडके शहरात टांगले गेले. पुढे १८०३ मध्ये फ्रेंच सेनापती रोशाँबो याने क्यूबाहून माणसांवर सोडण्यासाठी शिकारी कुत्रे मागवले. हेन्टीच्या पहिल्याच प्रकरणातला कुत्रा एका गोऱ्या मुलीवर धावून जातो. अशा कुत्र्यांची त्या बेटांवरची नेहमीची शिकार कोण होती, ते एवढ्यावरून उमगावे. क्रौर्य दोन्हीकडे होते असे म्हणून हात झटकता येणार नाहीत, कारण एका बाजूचे क्रौर्य शंभर वर्षे कायद्याने चालत आलेले होते आणि त्याला कुणी बंड म्हणत नव्हते.

दुसरा आक्षेप असा की हेन्टी आपल्या काळाचे अपत्य, त्याला आजच्या तराजूत तोलणे अन्यायाचे. ठीक, त्याच्याच शतकाचा तराजू घेऊ. हॅरिएट मार्टिनो या इंग्रज लेखिकेने १८४१ मध्ये तुसाँला नायक करून ‘द अवर अँड द मॅन’ ही तीन खंडांची कादंबरी प्रसिद्ध केली होती. त्याहून बोलका दाखला मार्कस रेन्सफर्डचा. हा ब्रिटिश लष्करातलाच अधिकारी. १७९९ मध्ये तो सँ-दोमँगमध्ये जाऊन पडला, अमेरिकन असल्याची बतावणी केली, हेर म्हणून पकडला गेला, मृत्युदंडाची शिक्षा झाली आणि अखेर तुसाँने त्याला सोडून दिले. साहसकथेला याहून उत्तम कच्चा माल कुठला? पण १८०५ च्या त्याच्या ग्रंथात या सुटकेच्या थरारापेक्षा तिथल्या काळ्या सैन्याची शिस्त, शहरातले व्यवहार आणि तुसाँचे वागणे यांना जास्त जागा आहे. तो किनाऱ्यावर उतरला होता, लोकांत मिसळला होता आणि महत्त्वाचे म्हणजे त्याचा जीव त्या लोकांच्या हाती होता. तेव्हा गणवेश घातला की नजर अधू होते असे नाही. आणि ‘त्या काळी सगळेच तसे होते’ हा बचाव पंचाण्णव वर्षे आधीच्या एका अधिकाऱ्याने वेगळे लिहून ठेवल्यावर टिकत नाही. नंतर आलेल्या हेन्टीला उलट कमी दिसले, कारण तोवर साम्राज्य पसरले होते आणि त्याला लागणारी पोरे घडवणारे पुस्तक त्याला लिहायचे होते.

आरमाराबद्दलही एक गोष्ट कादंबरीच्या उजेडात येत नाही. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर ब्रिटिश फौजा सँ-दोमँगमध्ये उतरल्या त्या तिथल्या मळेवाल्यांच्या आमंत्रणावरून, आणि गुलामी टिकवण्याच्या बोलीवर. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस फ्रेंच कमिसार सोंतोनाक्स याने उत्तर प्रांतात सर्वांना मुक्ती जाहीर केली आणि ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसच्या कन्व्हेन्शनने, म्हणजे क्रांतिकाळातल्या संसदेने, सगळ्याच वसाहतींतली गुलामी रद्द केली. म्हणजे नॅटसारखे तरुण ज्या मोहिमेत शौर्य गाजवतात, तिचा अर्थ सुटलेल्या माणसांना पुन्हा बेडीत घालणे असा होता. पाच वर्षांत तिथे गेलेल्या वीस हजारांवर सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक मेले, बहुतेक पीतज्वराने, आणि १७९८ मध्ये जनरल मेटलंडने तुसाँशी करार करून उरलेल्यांना माघारी नेले. भरीस भर म्हणजे या हवेत टिकणारे सैनिक हवेत म्हणून ब्रिटिश सरकारने १७९५ ते १८०७ या काळात वेस्ट इंडिया रेजिमेंटांसाठी सुमारे तेरा हजार गुलाम विकत घेतले. गुलामांच्या व्यापारावर बंदी घातल्याचा अभिमान इंग्लंडला रास्तच आहे. पण बंदी लागू होईपर्यंत त्या बाजारातले एक बडे गिऱ्हाईक खुद्द सरकार होते.

मग अशी कादंबरी मराठीत वाचायचीच कशाला, हा तिसरा आक्षेप. माझे उत्तर असे की हैतीत जन्मलेल्या लेखकांचे आणि आपल्या पिढीतल्या इतिहासकारांचे ग्रंथ तर वाचावेतच, पण हेही वाचावे. कारण एवढी मोठी घटना जगाच्या नजरेआड कशी राहिली, ते या प्रकारच्या पुस्तकांवाचून कळत नाही. हैतीचे मानववंशशास्त्रज्ञ मिशेल-रॉल्फ त्रुयो यांनी १९९५ मध्ये मांडले की गुलामांनी स्वतः विचार करून क्रांती करावी ही गोष्ट तत्कालीन युरोपच्या कल्पनेतच बसत नव्हती, ती घडत असतानाही बसत नव्हती. शाबो मळ्यावरच्या जबान्या ऐकून मान हलवणारे मळेवाले आणि हेन्टी हे एकाच रांगेतले. मराठी वाचकाची गोष्ट मात्र जरा निराळी आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने मोगलांना झुंजवले, खडकी वसवली आणि जमिनीच्या सारापद्धतीत नाव मागे ठेवले, हे दख्खनच्या इतिहासाचे शाळेतले पान आहे. विकला गेलेला माणूस सेनापती आणि मुत्सद्दी होऊ शकतो, हे पटवून घ्यायला आपल्याला कष्ट पडू नयेत. फरक आहे तो पुढे: अंबर वर चढला तरी गुलामीची शिडी जागच्या जागी राहिली, सँ-दोमँगमध्ये शिडीच जळाली. आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली तेव्हा कॅरिबियन-अमेरिकेकडचा हा प्रश्न आणि पुण्याकडचा प्रश्न एका वहीत आला होता. हेन्टीच्या सत्तावीस वर्षे आधी. तेव्हा ही कादंबरी आपल्याकडे कोऱ्या पाटीवर येत नाही.

वाचताना एक युक्ती करून पाहावी. प्रत्येक प्रकरणात नॅटच्या पायाखाली काय आहे ते बघावे. डेक असेल तर लेखकाचा हात सफाईने चालतो: शिडे, वारा, तोफांचा पल्ला, लुटीची वाटणी, सगळे बिनचूक. जमीन असेल, विशेषतः गुहेत दडून राहिल्याची प्रकरणे असतील, तर गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तरी माहितीवर, मेहनतीवर आणि मर्जीवर चालते, आणि नायकाला वाट पाहत बसावे लागते. माझ्या मते तीच या पुस्तकातली उत्तम प्रकरणे, जरी हेन्टीच्या बालवाचकांना ती कंटाळवाणी वाटली असली तरी.

कथा जिथे थांबते त्यापुढचा हिशेब एवढाच. १८०१ च्या अखेरीस नेपोलियनने गुलामीच्या पुनःस्थापनेचा बेत मनात ठेवून मोठी फौज पाठवली, तुसाँला दग्याने पकडून फ्रान्सला नेले, आणि ७ एप्रिल १८०३ ला तो जुरा डोंगरातल्या फोर द जू किल्ल्यात थंडीने आणि हयगयीने मेला. १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हेर्तिएरच्या लढाईत देसालीनच्या सैन्याने रोशाँबोला हरवले, आणि पराभूत फ्रेंच बंदराबाहेर पडले ते बाहेर टपून बसलेल्या ब्रिटिश जहाजांच्या ताब्यात जाण्यासाठी. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सची चौदा लढाऊ जहाजे पोर्तो प्रँससमोर येऊन उभी राहिली आणि स्वातंत्र्याला मान्यता हवी तर गमावलेल्या मालमत्तेची, म्हणजे गुलामांचीही, भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक द्या, असा हुकूम त्यांनी आणला. १८३८ मध्ये आकडा ९ कोटींवर उतरला. पहिला हप्ता भरायलाच पॅरिसच्या सावकारांकडून कर्ज काढावे लागले, ते फेडायला पुढे आणखी कर्जे, आणि त्या साखळीतला शेवटचा हप्ता १९४७ मध्ये फिटला. हेन्टी नॅट ग्लोव्हरची बढती लिहीत होता तेव्हा हैतीचा कॉफी पिकवणारा शेतकरी आपल्या निर्यातकरातून त्या साखळीतले हप्ते भरतच होता.